१२ किमीच्या वायरलेस लिंकवर अपलोड बसतंय: अ‍ॅक टाइमआउट, ब्लॉक अ‍ॅक की टीसीपी?

केळीपट्टा_नेट:

राम राम मंडळी. फैजपूरला फायबर आहे. तिथून उत्तरेला, सातपुड्याच्या पायथ्याजवळच्या केळी पॅकहाऊसपर्यंत ५ गिगाहर्ट्झची लिंक टाकली आहे, सरळ रेषेत १२ किमी. दोन्ही टोकांना ओपनडब्ल्यूआरटी (राउटरचं लिनक्स फर्मवेअर), ८०२.११एनचे रेडिओ, एटीएच९के ड्रायव्हर, दोन स्ट्रीम, ४० मेगाहर्ट्झचा चॅनल, ३० डीबीआयच्या डिश. सिग्नल दोन्हीकडे −६३ डीबीएमच्या आसपास आणि स्थिर.

फैजपूरकडून पॅकहाऊसला बऱ्यापैकी वेग मिळतो. उलट दिशेला मात्र सगळं बसतं, आणि खरी गरज तिकडेच आहे. पॅकहाऊसचे ८ कॅमेरे प्रत्येकी ४ एमबीपीएसने वर पाठवतात, म्हणजे ३२ एमबीपीएस सलग लागतात, आणि मिळतात जेमतेम ३-४. पॅकहाऊसच्या रेडिओवर ‘टीएक्स रीट्राइज’चा, म्हणजे पुन्हा पाठवण्याचा, आकडा धावत असतो, रेट ३०० वरून १३-२७ पर्यंत घसरतो. रेडिओ रीस्टार्ट केला की जोडायलाही दोन-तीन प्रयत्न लागतात. चॅनल बदलून पाहिला, डिश पुन्हा जुळवल्या, फरक नाही.

फैजपूरच्या एपीवर (अ‍ॅक्सेस पॉइंट, क्लायंट ज्याला जोडतो तो रेडिओ) ‘डिस्टन्स’ १२००० मीटर टाकलं आहे. पॅकहाऊसचा क्लायंट एपीचं ऐकूनच चालतो, म्हणून तिथे ती जागा रिकामी आहे. कुठे पाहावं?

तापीकाठ:

उत्तर तुमच्या शेवटच्या ओळीत आहे भो. डिस्टन्स दोन्ही टोकांना टाकावं लागतं. लिनक्सचा क्लायंट अंतर एपीकडून शिकत नाही.

काय घडतंय ते मायक्रोसेकंदांत पाहा. रेडिओ लहर १ किमीला ३.३ मायक्रोसेकंद घेते. १२ किमीला जायला ४०, यायला ४०. फ्रेम (हवेत पाठवलेलं एक पॅकेट) मिळाल्यावर समोरचा रेडिओ ५ गिगाहर्ट्झमध्ये १६ मायक्रोसेकंद थांबून पोच, म्हणजे अ‍ॅक पाठवतो, हे थांबणं म्हणजे सिफ्स. म्हणजे पॅकहाऊसने फ्रेम संपवल्यापासून अ‍ॅकचं पहिलं टोक परत यायला ९६ मायक्रोसेकंद. डिस्टन्स रिकामं असलेला रेडिओ किती वाट पाहतो? सिफ्स १६, एक स्लॉट (वाट मोजायचं एकक) ९, आणि प्रीअँबल (फ्रेमच्या सुरुवातीची खूण) ओळखायला लागणारे वीस-पंचवीस, मिळून पन्नासेक. तेवढ्यात अ‍ॅक आली नाही की तो फ्रेम हरवली असं धरून पुन्हा पाठवतो. फैजपूरला ती पहिल्याच वेळी पोचलेली असते, दुसरी प्रत डुप्लिकेट म्हणून फेकली जाते. वर रेट ठरवणारं मिन्स्ट्रेल समजतं की हा रेट चालत नाही, आणि खाली उतरतं. खालच्या रेटलाही अ‍ॅक उशिराच येते, कारण अंतर तेच. म्हणून सिग्नल चांगला असूनही १३-२७ दिसतात.

खात्री करायची असेल तर फैजपूरच्या एपीवर ‘ईथटूल’ला मोठ्या एस अक्षराचा पर्याय देऊन वायरलेस इंटरफेसची आकडेवारी पाहा. ‘आरएक्स डुप्लिकेट्स’ पॅकहाऊसच्या रीट्राइजसोबत वाढत असेल तर फ्रेम पोचतायत आणि अ‍ॅकच उशिरा पडतेय, हे नक्की. रीट्राइज वाढतायत पण डुप्लिकेट्स वाढत नाहीत, असं असेल तर फ्रेम खरंच हरवतायत. मग अडथळा, गोंगाट, पॉवर यांकडे बघायचं. टायमिंगचा घोळ आणि हवेचा घोळ वेगळा करायला याहून सोपी खूण नाही.

उपाय: दोन्हीकडच्या ‘वायरलेस’ फाइलीत रेडिओच्या भागात डिस्टन्स १२०००. ड्रायव्हर याचं कव्हरेज क्लासमध्ये रूपांतर करतो, ४५० मीटरला एक क्लास, एका क्लासला ३ मायक्रोसेकंद. १२००० ला २७ क्लास, म्हणजे ८१ मायक्रोसेकंद, तुमच्या ८० ला बरोबर पुरतात. अंतर नकाशावर मोजून घ्या आणि वरच्या बाजूला पाच-दहा टक्के जास्त ठेवा. थोडं जास्त असलं तर खरोखर हरवलेल्या फ्रेममागे थोडी जास्त वाट पाहावी लागते, आणि खाली सांगितलेला स्लॉट थोडा लांबतो, एवढंच नुकसान. थोडं कमी पडलं तर सध्याचीच अवस्था. ‘ऑटो’ टाकलं तर एटीएच९के अ‍ॅकच्या उशिरावरून स्वतः अंदाज घेतं, पण दोनच टोकांच्या, न हलणाऱ्या लिंकला मी हाताने टाकलेला आकडाच बरा मानतो.

आता जे फार जण पाहत नाहीत ते. डिस्टन्स वाढवलं की फक्त अ‍ॅकची वाट वाढत नाही, स्लॉटही वाढतो. एटीएच९के स्लॉटच्या मूळ ९ मध्ये तेच ८१ मिळवतं, स्लॉट होतो ९०. प्रत्येक वेळी हवा घेण्याआधी सिफ्स अधिक ३ स्लॉट, म्हणजे २८६ मायक्रोसेकंद थांबायचं, आणि वर ० ते १५ मधला यादृच्छिक बॅकऑफ (टक्कर टाळायला जास्तीची वाट), सरासरी साडेसात स्लॉट, म्हणजे ६७५. झाले ९६१. एकटी १५०० बाइटची फ्रेम ३०० च्या रेटला प्रीअँबल धरून ८१ मायक्रोसेकंदांत जाते. तिची ने-आण, सिफ्स आणि २८ मायक्रोसेकंदांची अ‍ॅक मिळून १२४. एकूण ११६६ मायक्रोसेकंदांत १२,००० बिट, म्हणजे १० एमबीपीएस. ३०० च्या लिंकवर!

हीच किंमत ४२ फ्रेम एकत्र बांधलेल्या एका अ‍ॅग्रिगेटवर पसरली की चित्र बदलतं. एनमध्ये अशा गठ्ठ्याची (ए-एमपीडीयू) कमाल लांबी ६५,५३५ बाइट, त्यात पूर्ण आकाराच्या ४२ मावतात. हवेतला वेळ १७६९, ने-आण, सिफ्स आणि अख्ख्या गठ्ठ्याची एकच पोच, म्हणजे ब्लॉक अ‍ॅक मिळून १२८, थांबणं ९६१. २८५८ मायक्रोसेकंदांत ५,०४,००० बिट, म्हणजे १७६ एमबीपीएस. हे कागदावरचं, दोन्ही दिशा मिळून. प्रत्यक्षात कमी मिळेल, पण तुमच्या ३२ ला भरपूर जागा आहे.

हवेत दोनच टोकं असतील तर बॅकऑफही कमी करता येतो. बॅकऑफची किमान खिडकी (सीडब्ल्यूमिन) १५ वरून ३, आणि एआयएफएस (वरचे सक्तीचे ३ स्लॉट) ३ वरून २. मग ९६१ चे ३३१ होतात आणि कागदी आकडा २२६ वर जातो. होस्टएपीडीमध्ये (एपी चालवणारा प्रोग्रॅम) इथे एक सापळा आहे. एपीच्या स्वतःच्या रांगेसाठी ‘टीएक्स क्यू डेटा२ सीडब्ल्यूमिन’मध्ये खरा आकडा जातो, म्हणजे ३. क्लायंटला कळवायच्या ‘डब्ल्यूएमएम एसी बीई सीडब्ल्यूमिन’मध्ये मात्र २ चा घातांक जातो, म्हणजे तिथे २ टाकलं की ३ होतात. दोन्हीकडे ३ टाकलं तर क्लायंटची खिडकी ७ होते आणि एपी त्याच्यावर कायम वरचढ राहतो. तुमचं अपलोड महत्त्वाचं, म्हणून हे नीट तपासा. आणि आसपास त्याच चॅनलवर दुसऱ्या कुणाच्या लिंक असतील तर हा बदल करू नका, त्यांचीही हवा अडेल.

भुसावळ_बॅकबोन:

तापीकाठ भाऊंचं गणित बरोबर आहे. माझी भर अ‍ॅग्रिगेशनबद्दल. ४२ फ्रेमचं अ‍ॅग्रिगेट बनू शकतं, पण बनतंच असं नाही, आणि ते बनतंय की नाही हे डोळ्यांनी पाहता येतं.

डीबगएफएसमध्ये (लिनक्सची आतली माहिती दाखवणारे फोल्डर) त्या स्टेशनच्या, म्हणजे समोरच्या रेडिओच्या, फोल्डरात ‘एजीजी स्टेटस’ नावाची फाइल असते. प्रत्येक टीआयडीपुढे (प्राधान्यानुसार वाहतुकीचा क्रमांक) टीएक्स आणि आरएक्सचं सत्र चालू आहे का ते दिसतं. टीएक्सखाली ० असेल तर त्या टीआयडीवर प्रत्येक फ्रेम एकेकटी जातेय, प्रत्येकीला वेगळी अ‍ॅक. म्हणजे वर आलेल्या १० एमबीपीएसच्या हिशेबात तुम्ही अडकलात. एटीएच९केच्या ‘एक्समिट’ फाइलीत अ‍ॅग्रिगेट किती गेले, किती पुन्हा पाठवले, किती सोडून दिले, तेही मिळतं.

कॅमेऱ्यांसाठी एक खास गोष्ट तपासा. मिन्स्ट्रेल व्हॉइसच्या रांगेवर अ‍ॅग्रिगेशन सुरूच करत नाही. आवाजाला उशीर नको म्हणून तसं ठेवलंय. कॅमेरा, एनव्हीआर (कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर) किंवा मधला एखादा मॅनेज्ड स्विच पॅकेटवर सीएस-६ची डीएससीपी (प्राधान्याची) खूण मारत असेल, तर सगळा व्हिडिओ व्हॉइसच्या रांगेत जातो. बाहेरून दिसायला प्राधान्य मिळतं, प्रत्यक्षात लिंकचा गळा आवळला जातो. पॅकहाऊसच्या राउटरवर टीसीपीडम्पने (पॅकेट पाहायचं साधन) टीओएस बाइट, जिथे ही खूण असते ती, पाहा. खूण असेल तर कॅमेऱ्यांच्या व्हीलॅनवरून येणारी डीएससीपी शून्य करा.

बेसिक रेटबद्दल (सगळ्या रेडिओंना चालायलाच हवेत असे रेट) बरंच बोललं जातं, त्याचं वजन सांगतो. अ‍ॅक आणि ब्लॉक अ‍ॅक बेसिक रेटच्या यादीतल्या, डेटाच्या रेटहून वर न जाणाऱ्या सर्वांत मोठ्या रेटने जातात. १४ बाइटची साधी अ‍ॅक ६ एमबीपीएसला ४४ मायक्रोसेकंद घेते, २४ ला २८. ३२ बाइटची ब्लॉक अ‍ॅक ६ ला ६८, २४ ला ३२. ओपनडब्ल्यूआरटीत ५ गिगाहर्ट्झला ६, १२, २४ हे तिन्ही बेसिक असतात, म्हणजे ते आधीच २४ ला जातं. कुणी हाताने फक्त ६ ठेवलं असेल तर परत करा. पण १२ किमीवर ३६ मायक्रोसेकंदांनी मोठा फरक पडत नाही, तिथे खरा खर्च स्लॉटचा आहे. हीच बचत एखाद्या गोदामातल्या ५० मीटरच्या नेटवर्कला चांगली जाणवते. यादीतून ६ काढून टाकलं तर बीकन (एपीची ठरावीक वेळाची हाक) आणि मल्टिकास्टही १२ ने जातील, तेवढी हवा मोकळी होते.

आणि ब्लॉक अ‍ॅकची खिडकी. पोच यायच्या आधी किती फ्रेम पुढे जाऊ शकतात ती मर्यादा, एन आणि एसीमध्ये (वायफाय-४ आणि ५) ६४ फ्रेम. त्यातली पहिलीच फ्रेम हरवली आणि पुन्हा-पुन्हा हरवत राहिली, तर पुढच्या ६३ पोचूनही खिडकी सरकत नाही. पाठवणारा लहान-लहान अ‍ॅग्रिगेट पाठवत बसतो. सगळे प्रयत्न संपले की तो बीएआर (ब्लॉक अ‍ॅकची विनंती) पाठवून सांगतो की ही सोड, पुढे चल. तो बीएआरच हरवला, तर घेणारा पुढची पॅकेट पुनर्क्रमाच्या बफरमध्ये धरून ठेवतो. लिनक्समध्ये ही मुदत १०० मिलिसेकंद. पिंगमध्ये एरवी ३-४ आणि अधूनमधून नेमके शंभरच्या वर उसळणारे आकडे दिसले, की आधी हाच संशय घ्या.

केळीपट्टा_नेट:

दोघांचे आभार. फैजपूरच्या एपीवर डुप्लिकेट्स खरंच रीट्राइजच्या बरोबरीने वाढत होते. पॅकहाऊसला १२६०० टाकलं, २८ क्लास झाले. अपलोड आता ८०-९० वर टिकतंय, कॅमेरे सुरळीत. सीएस-६ची खूण नव्हती.

दोन गोष्टी उरल्या. एक, १०० मिलिसेकंदांच्या उसळ्या, बहुतेक दुपारनंतर वारा असताना. दोन, कॅमेरे चालू असताना पॅकहाऊसच्या ऑफिसमधून काही डाउनलोड केलं तर ते १० च्या वर जात नाही, कॅमेरे बंद केले की जातं. शिवाय मालकांना याच एपीवरून आजूबाजूच्या ९ मळ्यांना जोडणी द्यायची आहे. डिशच्या जागी सेक्टर अँटेना (रुंद पट्ट्यात पसरवणारा) लावून चालेल का?

भुसावळ_बॅकबोन:

उसळ्यांचं आधी. फ्रेनेल झोन, म्हणजे दोन डिशमधल्या रेषेभोवती मोकळी लागणारी जागा, मोजा. १२ किमी, ५.८ गिगाहर्ट्झ, मध्यावर पहिल्या झोनची त्रिज्या साडेबारा मीटर. तिचा ६० टक्के भाग, म्हणजे साडेसात मीटर मोकळा हवा. पृथ्वीच्या गोलाईचे मध्यावर आणखी २ मीटर. म्हणजे मधल्या कुठल्याही गोष्टीच्या वर साडेनऊ मीटरवरून रेषा जायला हवी. केळीची बाग तुम्हाला आडवी येणार नाही, बांधावरचा निंब किंवा चिंच येईल. वाऱ्याने फांदी झोनमध्ये आत-बाहेर होते, सिग्नलची सरासरी −६३ च दिसते, पण काही मिलिसेकंदांचे खड्डे पडतात आणि त्यात अख्खी ब्लॉक अ‍ॅक जाते. डेटा पोचला आणि ब्लॉक अ‍ॅक हरवली, तरी पाठवणाऱ्याच्या दृष्टीने सगळंच गेलं. पाऊस सुरू झाला की ओली पानं आणखी खातील.

डिशचा खांबही पाहा. ३० डीबीआयच्या डिशचा बीम पाच-सहा अंशांचा असतो. गाय वायर (खांबाची ताणतार) सैल असेल तर वाऱ्यात खांब एखाद-दुसरा अंश सहज हलतो. वारा पडल्यावर रात्री तासभर पिंग लावून ठेवा, आणि तसाच दुपारी दोनला. रात्री उसळ्या नसतील तर सेटिंगला हात लावू नका, खांब आणि झाडं पाहा. मे महिन्यात दुपारी पत्र्याच्या पेटीतल्या रेडिओचा पॉवर अ‍ॅम्प्लिफायर तापून वरचे एमसीएस (वेगाच्या पायऱ्या) ढासळतात, त्यामुळे पेटीला वरून सावली आणि खालून हवा हवीच. तोवर वरचे दोन एमसीएस बंद करून पाहा. रेट थोडा कमी, पण खिडकी अडकत नाही, आणि कॅमेऱ्यांना तेच हवंय.

रूटिंग_धुळे:

डाउनलोडचं मी सांगतो. तिथे वायफायच्या नव्हे, तर वेगळ्याच थरातल्या अ‍ॅक अडकतायत, टीसीपीच्या.

५० एमबीपीएसचं डाउनलोड म्हणजे सेकंदाला साधारण ४,३०० सेगमेंट (टीसीपीची पॅकेट), आणि दोन सेगमेंटमागे एक धरली तरी २,१५० टीसीपी अ‍ॅक. त्या पॅकहाऊसकडून फैजपूरला जातात, म्हणजे कॅमेऱ्यांच्या ३२ एमबीपीएससोबत त्याच रांगेत. वायफायसाठी ५२ बाइटची टीसीपी अ‍ॅक ही एक पूर्ण डेटा फ्रेम. एकटी गेली तर तुमच्या अंतरावर तिलाही ११०० मायक्रोसेकंदांच्या वर हवा लागते, तिच्यासाठी समोरून वायफायची अ‍ॅक येते ती वेगळीच. सेकंदाला अशा ९०० सुद्धा मावणार नाहीत. म्हणून त्या अ‍ॅग्रिगेटमध्ये बसून जायला हव्यात, आणि मुळात कमी असायला हव्यात.

केक (राउटरमधली रांग सांभाळणारं सॉफ्टवेअर) वापरा. लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये ४.१९ पासून आहे, ओपनडब्ल्यूआरटीत एसक्यूएमच्या पॅकेजसोबत येतं. पॅकहाऊसच्या राउटरवर, रेडिओकडे जाणाऱ्या इथरनेट पोर्टच्या बाहेर जाणाऱ्या दिशेला, बँडविड्थ ६५ ते ७० एमबिट, सोबत ‘अ‍ॅक-फिल्टर’. एकाच जोडणीच्या रांगेत नवी अ‍ॅक आली की आधीची, जिच्यात वेगळी माहिती उरलेली नाही, ती हे काढून टाकतं. टीसीपीची अ‍ॅक साचत जाणारी असते, शेवटची आली की आधीच्या सगळ्यांचं काम होतं. सॅकची (मधली कोणती पॅकेट पोचली त्याची) माहिती असलेल्या अ‍ॅक ते जपतं. ‘अ‍ॅक-फिल्टर-अ‍ॅग्रेसिव्ह’ नको, त्याने फार मिळत नाही आणि जुन्या, अ‍ॅक मोजून खिडकी वाढवणाऱ्या टीसीपीचा सुरुवातीचा वेग मंदावतो.

दोन ठिकाणी लोक चुकतात. बँडविड्थ लिंकच्या खऱ्या वेगापेक्षा जास्त टाकली तर रांग राउटरमध्ये न बनता रेडिओत बनते, आणि केकला गाळायला काही मिळतच नाही. तुमचं ८०-९० आहे, म्हणून ७०. दुसरं, केक थेट वायरलेस इंटरफेसवर बसवू नका. एमएसी८०२११ची (लिनक्समधला वायफायचा भाग) स्वतःची एफक्यू-कोडेल रांग तिथे आहे आणि अ‍ॅग्रिगेट तीच बांधते. केक अलीकडे, तारेवर ठेवा.

कॅमेरे यूडीपीवर (पोच न मागणारी पद्धत) असतील तर त्यांच्याकडून टीसीपी अ‍ॅकचा प्रश्न नाही, पण म्हणून ‘नो-अ‍ॅक’चा नकाशा लावायच्या फंदात पडू नका. वायफायची अ‍ॅक बंद केली की पुनर्पाठवणी संपते, मिन्स्ट्रेल आंधळं होतं, आणि एच.२६५च्या चित्रात एक मुख्य फ्रेम फाटली की पुढचे दोन सेकंद चौकोन दिसतात.

तापीकाठ:

सेक्टरबद्दल: चालेल, पण या पद्धतीने नाही. ९ मळे एकमेकांना ऐकू शकणार नाहीत, प्रत्येकाची डिश एपीकडे तोंड करून. दोघांनी एकदम पाठवलं की एपीवर आदळून दोन्ही वाया गेलेले अ‍ॅग्रिगेट जातात. आरटीएस (पाठवण्याआधी एपीची परवानगी मागणं) लावून हे आवरता येतं, पण १२ किमीवर आरटीएस-सीटीएसची फेरीच अ‍ॅग्रिगेटमागे दीडशेच्या आसपास मायक्रोसेकंद खाते. स्लॉट सर्वांत लांबच्या टोकाप्रमाणे ठेवावा लागतो, म्हणजे २ किमीवरचा मळाही ९० चाच स्लॉट भोगतो. आणि वर सांगितलेली ३ ची खिडकी दहा जणांत ठेवली तर नुसत्या टकरी. ती परत १५ करावी लागेल.

अशा ठिकाणी टीडीएमए घ्या. मिक्रोटिकचं एनव्ही२ किंवा युबिक्विटीचं एअरमॅक्स, त्यात एपीच प्रत्येकाला वेळ वाटून देतो, अंतराचा हिशेब त्या वेळेतच धरतो, हवेसाठी झटापट उरत नाही. एनव्ही२मध्ये ‘सेल रेडियस’ मुळात ३० किमी असतो, तो १३-१४ वर आणा. ‘पीरियड’ २ मिलिसेकंदांचा असतो, ग्राहक वाढले की ३-४ करून पाहा. वेग वाढतो, पिंगही तेवढाच वाढतो.

ऑफिसची सध्याची डिश-ते-डिश लिंक आहे तशी राहू द्या. मळ्यांचा सेक्टर वेगळ्या रेडिओवर, वेगळ्या चॅनलवर, खांबावर डिशपासून शक्य तितका खाली लावा. पुढे वायफाय-६चे रेडिओ घ्यायचे झाले तर ब्लॉक अ‍ॅकची खिडकी ६४ ची २५६ होते. ब्लॉक अ‍ॅक ५६ बाइटची होऊन २४ एमबीपीएसला ३२ ऐवजी ४० मायक्रोसेकंद घेते, म्हणजे ८ मायक्रोसेकंदांत चौपट फ्रेमची पोच. मात्र विकत घेण्याआधी विक्रेत्याकडून एक गोष्ट लेखी घ्या: त्या फर्मवेअरमध्ये डिस्टन्स किती किमीपर्यंत टाकता येतं, आणि ते खरंच हार्डवेअरपर्यंत जातं का. घराच्या वापराचे बरेच रेडिओ आकडा घेतात आणि पुढे काहीच करत नाहीत. तुमच्याकडे आता डुप्लिकेट्स पाहायची पद्धत आहेच, रेडिओ खांबावर चढवल्यावर पहिल्या तासात तेच पाहा.